टोपीवालीच्या काड्या

११ मार्च

मुंगी,

फोन तू उचलत नाहीस, ठीक आहे. मीही काही रोज करत नाही. रविवारी दोनदा केला आणि काल एकदा, तोही हात लागून लागला. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही, नुसतं येऊन पडतं. वाचायचं नसेल तर राहू दे तसंच. कागद चांगला आहे, कारखान्यातल्या कातरणातला. मागची बाजू कोरी आहे, यादीबिदी लिहायला होईल.

कारण घडलं म्हणून लिहितोय. काल फ्रिज पुसायला काढला. आईची औषधं अजून वरच्या खणातच होती, ती पिशवीत भरली. तर मागून एक काचेची बरणी निघाली, आत ओली वाळू. म्हटलं, झालं, हिला शेवटी शेवटी काही सुधरत नव्हतं. बरणी कचऱ्याच्या डब्यावर धरली आणि बुडाला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. तिचंच अक्षर. "टोपीवाली. १५ जानेवारीला ठेवली. १५ मार्चला काढणे. तोवर हलवू नये, फेकू नये. (अहो, हे तुम्हाला.)"

म्हणजे जायच्या एकोणीस दिवस आधी ही बाई ओट्याशी उभी राहून वाळूत बी कालवत होती, आणि मी त्याच घरात असून मला पत्ता नाही. कंसातलं वाचलं आणि मी खुर्ची ओढून बसलोच.

आता चार दिवस उरलेत आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही दोघी मागच्या दारी मातीत बसून तासन् तास काय करायचात, ते मी कधी बघितलं नाही. दोन महिने थंडीत ओलं ठेवल्याशिवाय हे बी जागं होत नाही, एवढं कानावर पडलेलं आठवतं. वाळूतून बी निवडायचं की वाळूसकट पेरायचं, एवढंच कळव.

मागच्या दारी मी कापलेल्या काड्यांचं तू जे बोललीस, त्यावर माझं म्हणणं तेच आहे. वाळलेल्या काड्या होत्या, मला कचरा वाटला. घरी माणसं भेटायला येणार होती. चौतीस वर्षं बाइंडिंगमध्ये पुस्तकांच्या कडा कापतोय, वाकडंतिकडं काही दिसलं की हात आपोआप पुढे जातो. त्यासाठी तू तिसऱ्या दिवशी बॅग उचलून जावंस, असं काही नव्हतं.

बाबा


२ एप्रिल

मुंगी,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून वाळूसकट पेरलं. खळीचे रिकामे पत्र्याचे डबे होते कारखान्यात, सहा आणले. समोरच्या बाई म्हणाल्या, बी जेवढं जाड तेवढाच मातीचा थर. शाळेत शिकवून शिकवून त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं येतं. बी चिमटीत घेऊन बघितलं, खिळ्याच्या तुटक्या टोकाएवढं. मी पट्टी घेऊन बसलो आणि एकेक इंचावर खुणा करून लावलं. हसू नकोस. कारखान्यातल्या शिलाईवाल्या मावशी हसल्याच आहेत पोटभर.

"अहो, पुस्तकाचे फर्मे जुळवताय का शेती करताय?" म्हणाल्या. "उद्या त्याला पुठ्ठा चढवाल!"

काल सकाळी बघतो तर हिरवे ठिपके. मोजले, एक्केचाळीस. मी एकटाच "अरे वा!" म्हणालो, चांगलं मोठ्यांदा. घरात कुणी नसलं की स्वतःचा आवाज फारच मोठा वाटतो. मग उगाच नळ सोडला.

तुझी आई म्हणायची, या फुलाच्या पाकळ्या खाली झुकतात, जुन्या टोपीच्या काठासारख्या, आणि मधला काटेरी गोळा वर राहतो, म्हणून टोपीवाली. रानातली बाई, कुणी न विचारता उगवते, आणि एकदा घर केलं की वर्षानुवर्षं हलत नाही. मी म्हणायचो, अगं, गुलाब लाव, माणसासारखं काहीतरी लाव. ती म्हणायची, गुलाबाकडे माणसं येतात, हिच्याकडे मधमाश्या येतात, मला माश्याच बऱ्या. हे मला लागायचं, पण मी कधी दाखवलं नाही.

बाबा


२१ एप्रिल

मुंगी,

आज झालं ते तुला सांगायलाच हवं, मग तू हे पत्र फाडलंस तरी चालेल.

तू आलीस त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला होतास. आईला काय झालं, कसं झालं, काही नाही. मागच्या खिडकीतून बघितलंस आणि म्हणालीस, "काड्या कुठे आहेत?" मी म्हटलं, कचऱ्यात गेल्या. खोटं होतं ते. काड्या मी फेकल्या नव्हत्या. सरळ, एका जाडीच्या, आतून भुसभुशीत अशा काड्या कोण फेकेल? मी त्यांची जुडी केली, कटिंग मशीनखाली धरून दोन्ही टोकं एका रेषेत उडवली, शिलाईच्या दोऱ्याने बांधली आणि कारखान्यात नेली. खळ ढवळायला बऱ्या पडतील म्हणून. पाच-सहा वापरल्याही.

आज अकराच्या सुमाराला मावशी किंचाळल्या. "अहो, इकडे या! तुमच्या काड्यांतून माश्या निघताहेत!"

आधी मला वाटलं, मावशींचा चष्मा. जवळ जाऊन बघितलं. एका काडीच्या तोंडाला मातीचं बूच होतं, ते आतून हललं, पडलं, आणि एक बारकी काळीनिळी माशी बाहेर आली. जुडीवर बसून पंख पुसत राहिली. मग दुसरी आली. मग बाजूच्या काडीतून तिसरी. सगळ्या खिडकीकडे उडाल्या आणि काचेवर आपटायला लागल्या.

ती खिडकी रंगाने चिकटलेली, अकरा वर्षं उघडलेली नाही. मी पुठ्ठा कापायचा सुरा घेऊन चौकटीची फट कापली, खांदा लावला, मावशींनी मागून मला ढकललं. उघडली एकदाची. दुपारपर्यंत सतरा निघाल्या. त्या चावत नाहीत, एक माझ्या अंगठ्यावर बसली होती बराच वेळ. समोरच्या बाईंनी नंतर सांगितलं की या मधमाश्यांना पोळं नसतं. एकेकटी राहते, काडी पोखरून आत अंडी घालते, वर मातीचं दार लावते. पिल्लं थंडीभर आत झोपतात.

मग मी कटिंग मशीनखालचं कातरण उपसलं. फेब्रुवारीतलं, तळाशीच होतं. कापलेल्या टोकांत मातीची बुचं होती, आणि पिवळी वाळलेली भुकटी. किती होती ते मोजलं नाही. आणि खळीत बुडवलेल्या पाच-सहा काड्यांचं काय झालं असेल, ते मी मावशींनाही विचारलं नाही.

आता खरं सांगतो. मला माहीत होतं. तिने सांगितलं होतं मला, जानेवारीत, खिडकीपाशी बसून. "अहो, मागच्या काड्यांना हात लावू नका हं. आत पिल्लं झोपलीत." मी हो म्हटलं होतं. ती गेली त्या सकाळी मी मागच्या दारी गेलो आणि एकेक काडी मुळाशी कापली. मग कुदळीने मुळं खणली, जिन्याखाली पडलेल्या फरश्या आणल्या आणि वाळूवर बसवून टाकल्या. समोरच्या बाई दारातून म्हणाल्या, "अहो, आज?" मी म्हटलं, माणसं येतील, पाय चिखलात पडतील.

ती शेवटचे सगळे दिवस त्या काड्यांकडेच बघत होती, मुंगी. माझ्याकडे नाही. मला राग आला होता. मेलेल्या बायकोवर माणूस रागावतो, हे कुणाला सांगायचं? तुला सांगतोय.

बाबा


९ मे

मुंगी,

रोपं मरताहेत. एक्केचाळीसची तेवीस झाली. देठ जमिनीपाशी काळा पडतो, बारीक होतो आणि सकाळी रोप आडवं. पाणी नियमाने घालतोय, सकाळ-संध्याकाळ, वाटीने मोजून. ऊन आहे. बाईंनाही काही सुचत नाही. मावशी म्हणतात, प्रेम जास्त होतंय.

हे तिचं शेवटचं बी आहे. एवढं गेलं की संपलं. माझ्याशी बोलू नकोस, पण या रोपांचं काहीतरी सांग.

बाबा


२६ मे

मुंगी,

कार्ड मिळालं. "डब्यांना खालून भोकं पाडा. पाणी निम्मं." नाव नाही, गाव नाही, खाली सही नाही. पण 'भोकं'मधला भ तू अजून लहानपणीसारखाच काढतेस, पोट फुगलेला.

हात्तिच्या! म्हणजे मी दोन महिने बिचाऱ्यांना डबक्यात उभं केलं होतं. पुस्तकांना भोकं पाडायची आरी घेऊन बसलो आणि प्रत्येक डब्याला नऊ-नऊ पाडली. हो, सारख्या अंतरावर. त्यानंतर एकही रोप गेलेलं नाही. चौदा आहेत.

कार्ड मी मावशींना दाखवलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. "एवढंच?" म्हणाल्या. मी म्हटलं, पुष्कळ आहे. मग त्यांनी माझ्या चहात साखर जास्त घातली.

बाबा


१४ सप्टेंबर

मुंगी,

चौदाच्या चौदा आहेत. सहा फरश्या उचलल्या, खालची माती मोकळी केली आणि तिथे लावली. पट्टी न घेता. जिथे हात गेला तिथे. बसायला मात्र ती एका रेषेतच बसली, त्याला मी काय करू?

फूल नाही. नुसती पानं, जमिनीला चिकटून, खरखरीत, मांजरीच्या जिभेसारखी. बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी ही वर काही दाखवत नाही, खाली मूळ धरते. फूल आलं तर पुढच्या उन्हाळ्यात. मग पाहुण्या माश्यांनी यंदा काय करायचं, म्हटलं. त्या म्हणाल्या, यंदा माझ्या कुंड्यांवर या म्हणावं.

माझं विचारशील तर ठीक आहे. विचारलं नाहीस, पण विचारशील तर. सकाळी कारखाना, पाचला घरी. जेवण उभ्यानेच होतं, ओट्याशी. बसून जेवायला दोन माणसं लागतात, असं लक्षात आलंय. परवा चहा दोन कप झाला. हे पहिल्या महिन्यात व्हायचं, मग बंद झालं होतं, परत का झालं कळत नाही. दुसरा कप तसाच राहिला. फेकवेना, म्हणून गार झाल्यावर मीच प्यालो.

तिची खुर्ची अजून मागच्या खिडकीशी आहे. सात महिने मी तिला वळसा घालून जात होतो. आता संध्याकाळी बसतो तिच्यात. तिथून फक्त मागची जागा दिसते, खोली दिसत नाही. म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती असं नाही, तिला मानच वळवता येत नव्हती शेवटी. एवढी साधी गोष्ट, मला त्या खुर्चीत बसल्यावर कळली.

आईबद्दल तुला एक सांगायचं आहे. आज लिहायला बसलो होतो तेच लिहायला. होत नाहीये. पानांवर लिहून झालं, तब्येतीवर लिहून झालं, आता कागद संपला म्हणतो.

बाबा


३ फेब्रुवारी

मुंगी,

कागद भरपूर आहे. आज वर्ष झालं.

मी तुला सांगितलं होतं की आईनेच तुला कळवू नका म्हटलं, पोरीच्या कामात खोळंबा नको म्हणाली. तू ते ऐकलंस. तिच्या फोटोकडे पाठ करून बसलीस. तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

ती तसं म्हणाली नव्हती. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. घरी आल्याआल्या तिने मला सांगितलं, "मुंगीला कळवा." मी हो म्हटलं. शुक्रवारी तिने विचारलं, कळवलंत? मी म्हटलं, हो, निघाली आहे. निघाली आहे, म्हणालो मी. आणि मी फोन केलाच नव्हता. हातात घ्यायचो, तुझ्या नावापर्यंत यायचो आणि ठेवून द्यायचो. तुला बोलावलं की तू येणार, तू आलीस की त्या येण्याचं कारण घरात येऊन बसणार. मला वाटलं, आज राहू दे, उद्या तिला जरा बरं वाटेल. शनिवारी राहू दे. रविवारी राहू दे.

तिने पुन्हा विचारलं नाही. खुर्ची खिडकीशी लावा म्हणाली आणि बसून राहिली. मी तुला सोमवारी सकाळी फोन केला. मंगळवारी पहाटे ती गेली, तू बुधवारी पोचलीस.

चार दिवस होते तुम्हा दोघींना. ते मी खाल्ले. आणि वर तिच्या नावावर टाकले, कारण ती काही उलट बोलणार नव्हती. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, त्याला माझी ना नाही. पण तिच्यावरचा राग सोड. तिने तुला हाक मारली होती. ती माझ्यापाशी अडकली.

हे वाचून तू परत कधी कार्ड पाठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी पेटीत टाकतो आहे. आता नाही टाकलं तर परत खुर्चीत बसून राहीन.

बाबा


१२ जुलै

मुंगी,

पाच महिने झाले, तू काही लिहिलं नाहीस. मी समजलो. हे शेवटचंच, पुन्हा त्रास देणार नाही. हे मात्र तुझं आहे, म्हणून कळवतो.

टोपीवाली फुलली. चौदांपैकी नऊ. पहिली शनिवारी उघडली, आधी पाकळ्या सरळ, मग रोज थोड्या खाली. आज अगदी टोपी झाली आहे. रंग जांभळट गुलाबी, मधला गोळा भाजलेल्या विटेच्या रंगाचा, हात लावला तर टोचतो. सकाळी नऊपासून माश्या असतात. मोठे भुंगे येतात, ते बसले की फूल खाली वाकतं. फुलपाखरंही येतात. आणि त्या बारक्या काळ्यानिळ्यासुद्धा आल्या आहेत, दोन. त्या सतराजणींपैकी कुणाच्या कोण, मला काय ठाऊक! पण मी त्यांना "आलात का?" म्हटलं.

आणखी एक. ज्या फरश्या मी अजून उचलल्या नाहीत, त्यांच्या फटीतून एक पान वर आलं आहे. ते माझ्या बियांचं नाही, फार मोठं आहे. कुदळीतून जुन्या झाडाचं एखादं मूळ सुटलं असणार. दीड वर्ष फरशीखाली होतं.

बाईंनी सांगितलं आहे, थंडीत वाळल्या तरी काड्या ठेवायच्या. वरून गुडघ्याएवढ्या राखून कापायच्या, म्हणजे माश्यांना आत शिरता येतं. मला कापायची भीती वाटते. चौतीस वर्षं कापणाऱ्याला. म्हणून तशाच ठेवीन म्हणतो.

तू सुखी राहा.

बाबा


२० जुलै

बाबा,

तुमची सगळी पत्रं वाचली. फेब्रुवारीचं इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. मागून पट्टी चिकटवली आहे, तुम्ही बघितलीत तर नावं ठेवाल.

आईने मला शुक्रवारी स्वतः फोन केला होता. समोरच्या बाईंच्या फोनवरून, तुम्ही कारखान्यात असताना. म्हणाली, "बाबा तुला कळवणार नाहीत, त्यांच्याच्याने होणार नाही. ते म्हणताहेत तू निघालीस. म्हणू देत. तूच ये." मी म्हटलं, आई, सोमवारी अहवाल द्यायचा आहे, तो दिला की लगेच निघते. ती म्हणाली, बरं. मला वाटलं, चार दिवसांनी काय होतंय? बाईंनाही तिने शपथ घातली होती, यांना सांगायचं नाही म्हणून.

तुम्ही सोमवारी फोन केलात तेव्हा मी अहवालच लिहीत होते. आणि "तिनेच नको म्हटलं" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा ते खोटं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी गप्प बसले, कारण मला ते सोयीचं होतं. तिच्या फोटोकडे बघायची माझी हिंमत नव्हती. काड्यांवरून भांडणं सोपं होतं, म्हणून भांडले. वर्षभर तुम्ही माझी माफी मागत राहिलात आणि मी मागू दिली.

तुम्ही चार दिवस फोन केला नाहीत म्हणून मला उशीर झाला नाही, बाबा. ती दोघांचीही वाट बघत होती, आणि तिने दोघांनाही कळू दिलं नाही.

मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येतेय. पहार कुणाकडून तरी आणून ठेवा. उरलेल्या फरश्या उचलायच्या आहेत, पण त्या पानापाशी तुम्ही हात लावू नका, ते मी काढीन. काड्या थंडीत दोघं मिळून कापू.

चहा दोन कप टाका.

मुंगी